कुलपाला हात लावू नये
मेन स्विच बंद करून मी पेटीला कुलूप लावलं, वर पाटी अडकवली: “वायरमन कामावर आहे, कुलपाला हात लावू नये.” किल्ली खिशात टाकून माळ्यावर मोटर उघडायला गेलो. पाच मिनिटांत खालून सुपरवायझरची हाक, “अजून किती वेळ? केबिनमधला पंखा बंद आहे, उकडून जीव चाललाय!” “खिडकी उघडा की!” वैतागून ओरडलो. तारेला हात घालण्याआधी सवयीनं टेस्टर लावला. पेटला! किल्ली तर खिशातच होती. तणतणत खाली आलो. स्विच चालू, पेटीचं दार नुसतं कुलपाला लोंबकळतंय आणि साहेब बिजागरीचे स्क्रू मुठीत धरून उभे. “पाटी वाचली नाही?” “वाचली ना! कुलपाला बोटसुद्धा लावलं नाही.” मी टेस्टर त्यांच्या नाकापुढे धरला. “हा लावायचा राहिला असता, तर माझ्या बायकोला काय सांगितलं असतंत? कुलूप शाबूत आहे?”