चंद्रकलाची धाव

“सर, मागं काय बघताय? मी पुढं गेले की!” चंद्रकलाचं ते हसणं तानवडे सरांच्या कानात तीस वर्षं राहिलं होतं. ती वारली, पण तिच्या मेंदूतून उतरवून घेतलेली सुवर्णपदकाची धाव आता जुईच्या पायांत भरली होती. सरांनी डोळे मिटले तर ऐकू येणारी पावलं चंद्रकलाचीच. आजही ऐंशी मीटरवर जुई किंचाळून कोसळली. ही धाव भरलेली ती सहावी पोर. तीच जागा, तोच डावा घोटा.

“एक्स-रेत हाड धड आहे, सर. मग मोडल्यागत का दुखतंय? उद्या पळू की नको?”

सरांनी तिचा पाय मांडीवर घेतला.

“नको, बाळा. त्या शर्यतीआधीच चंद्रकलाचं हाड मोडलं होतं. एक्स-रे मी दडवला आणि तिला म्हणालो, नुसता मुरगळलाय, पळ.”