झाकणाआडची चांदणी

ऑनलाइन लिलावात "उत्तम चालू" म्हणून घेतलेलं टेबलघड्याळ बंदच निघालं, तेव्हा घड्याळजी चिडण्याऐवजी खुलले. वर्णनाबरहुकूम नसलेला माल चौदा दिवसांत परत करता येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. "आज गाठ माझ्याशी आहे," बायकोला ऐकवत त्यांनी फोनवर तक्रार लिहिली आणि "कुणा अडाण्याने दुरुस्ती केलीय," असंही ठोकून दिलं. फक्त दोषाचा फोटो जोडायचा राहिला. त्यांनी झाकण उघडून डोळ्याला भिंग लावलं. एक पिन साफ चुकीची बसवली होती. झाकणाच्या आत सुईने कोरलेली चांदणी होती, दुरुस्तीनंतर प्रत्येक घड्याळात ते कोरायचे तीच. खाली तारीख त्यांच्या शिकाऊ उमेदवारीच्या काळातली. त्यांनी तक्रार पुसली. "काय हो, परत पाठवताय ना?" बायकोने विचारलं. "कुठे पाठवू?" चिमटा उचलत ते म्हणाले, "बरोबर पत्त्यावरच आलंय."