गाडी कलली

बायकोच्या स्पोर्ट्स कारची उंची कमी करताना दोघं बसल्यावर गाडी सरळ राहावी म्हणून मेकॅनिकने डावीकडच्या सीटवर नवरोबांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवली होती. "बहात्तर किलो," तिने कौतुकाने सांगितलं होतं, "दोन महिने ह्यांनी गोडाला हात लावलेला नाही!"

पोती काढून नवरोबा बसले आणि गाडी डावीकडे कलली. ऑफिसात रोज चापलेले केक आठवून त्यांना घाम फुटला. "स्प्रिंग खराब दिसतेय," ते पुटपुटले.

मेकॅनिकने त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला, डाव्या स्प्रिंगची उंची ठरवणारी रिंग चार आटे वर फिरवली, गाडी सरळ झाली. बायको खुशीत किल्ली आणायला गेली. नवरोबांचा जीव भांड्यात पडला.

मेकॅनिक खिडकीशी वाकला, "साहेब, आता एकच पथ्य पाळा. खरोखर बारीक होऊ नका, गाडी उजवीकडे कलेल."