अडीच पानी अर्ज

"बाई, मला चार वाक्यं धड लिहिता येत नाहीत. वर्षभर फ्रेंच बंद!" मी एकदाचं सांगून टाकलं.

"चालेल. पण आपल्या वर्गाचा नियम माहितीये ना? अर्जसुद्धा फ्रेंचमध्येच."

मी तणतणत शेवटच्या बाकावर बसले. उडालेली झोप लिहिली, आईशी झालेलं भांडण लिहिलं, बाईंच्या लाल पेनाचा तर मनसोक्त उद्धार केला.

वाचताना बाई खुदकन हसल्या. लाल पेन बाजूला ठेवून त्यांनी निळ्याने सही केली. "मंजूर! मजा कर."

मी त्यांच्या गळ्यातच पडले.

"आणि परत यावंसं वाटलं, तर प्रवेश परीक्षेची धास्ती नको."

"का?"

माझा अडीच पानी अर्ज कपाटात जपून ठेवत बाई म्हणाल्या, "आत्ताच दिलीस की!"