शरयूचं बारसं

पक्षाघातानंतर अण्णांच्या कानामागे बसवलेल्या स्मृतिकोशात ‘शरयू’ या नावाखाली चार हजार दोनशे अठरा आठवणी होत्या, सगळ्या त्यांच्या दिवंगत पत्नीच्या.

नातीच्या बारशाला, अण्णांच्याच हट्टाखातर, त्यांची मुलगी हेमांगी हिने बाळाच्या कानात आजीचंच नाव सांगितलं.

“अण्णा, मारा आता हाक तुमच्या शरयूला!”

अण्णांनी बाळाला कौतुकाने हाक मारली. मग भिंतीवरच्या पत्नीच्या फोटोकडे बोट दाखवत विचारलं, “या बाई कोण गं?”

हेमांगीने घाईघाईने तंत्रज्ञाला फोन लावला.

“ताई, कोशात एका नावाखाली एकच माणूस राहतो. नवा आला की जुना पुसला जातो.”

“मग आईला परत आणा ना!”

“कुठून आणू?”

हेमांगीने मोबाइलवर कोश उघडला. ‘शरयू’ या नावाखाली एक आठवण होती.