चाललंय

"कसं काय, धनाजीराव?" दवाखान्यातल्या मोफत समुपदेशन यंत्राने विचारलं.

"चाललंय," धनाजी सवयीने म्हणाला.

"छान! बाळाच्या वडिलांची मनःस्थिती उत्तम. पुढची तपासणी सहा महिन्यांनी."

त्याची बायको वैजयंता उसळली. "अरे मुडद्या, लेक झाल्यापासून तीन महिने हा माणूस तिला हात लावत नाही, नुसता भिंतीकडे बघत बसतो. आणि तू 'चाललंय' लिहून घेतोस? तुझ्या जागी माणूस असता, तर त्याने निदान ह्याच्या तोंडाकडे तरी बघितलं असतं!"

"ताई, तुमचा आवाज चढलाय," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "तुम्हाला काही त्रास होतोय का?"

मागची रांग कान टवकारून ऐकत होती.

"मला काय धाड भरलीय?" ती खेकसली.

"छान! संपूर्ण कुटुंब निरोगी," म्हणत यंत्राने फाइल बंद केली.

धनाजी भिंतीकडे बघत होता.