लाल रेघ

या रविवारीही गाडीने दगा दिला. स्टार्टर घरघरला, पण इंजिन काही पेटेना. अप्पांनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवून पाहिली, मग कपाळ स्टिअरिंगवर टेकून नुसतेच बसून राहिले.

गॅरेजच्या दारात सून चहाचा कप घेऊन उभी होती.

"झाली का?" तिने विचारलं. दर रविवारी ती एवढंच विचारायची.

"नाही गं."

कप खिडकीत ठेवून ती आत गेली. बिचारी कंटाळली असणार, अप्पांना वाटलं. कंटाळू नये तर काय करावं?

गाडी मुलाची. भंगारात चाललेली ती त्याने हौसेने उचलून आणली होती आणि सुट्टीचा दिवस तो तिच्याखाली आडवा पडून घालवायचा. सून दिवा धरून शेजारी बसायची. दोघं तासन्‌तास काय बोलायची कोण जाणे. मुलगा गेला तेव्हा इंजिन सुटं होऊन जमिनीवर पडलेलं होतं. त्यानंतर वर्षभर अप्पांनी गॅरेजचं कुलूप काढलं नाही. मग एक दिवस काढलं. उभा जन्म बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेलेला, हातांना दुसरं काही येत नव्हतं.

यंदा त्यांनी मनाशी ठरवलं, पोरीला मोकळं करायचं. तिच्या भावाशी बोलले. त्याने आपल्या शहरात तिच्यासाठी नोकरी पाहिली, राहायला खोली पाहिली. हे तिला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

"गाडी होऊ दे आधी," ती म्हणाली. "त्याची तेवढी इच्छा होती."

"मग त्याच गाडीतून तुला पोचवायला येतो."

अप्पा शब्द देऊन बसले आणि तिथेच अडकले. कारण त्याच आठवड्यात गाडी सुरू झाली, अंगणभर धूर करून झकास चालली, आणि त्यानंतर जी रुसली ती रुसलीच.

त्यांनी कार्बोरेटर उघडून साफ केला. प्लग बदलले. वायरी बदलल्या. नाकी नऊ आले. नट तेवढे तपासले नाहीत, कारण ती गरजच नव्हती. डेपोतली सवय होती ती. नट घट्ट आवळला की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक लाल रेघ ओढायची. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटते आणि नुसत्या नजरेला कळतं. घरात लाल रंग कुठला, म्हणून सुनेने आपली नेलपॉलिशची बाटली देऊ केली होती. "मी कुठे लावते आता," म्हणाली होती. गॅरेजमध्ये सुकून जाईल म्हणून बाटली तिच्याच कपाटात असायची. लागली की अप्पा मागून घ्यायचे.

सगळ्या रेघा शाबूत होत्या. म्हणजे दोष आपल्याच हातांचा, असं अप्पांनी मानून टाकलं.

समोरच्या घरातले प्रोफेसर कुंपणावर कोपरं टेकून हा तमाशा दर रविवारी बघायचे. एकदा म्हणाले, "अप्पा, खरं सांगा. गाडी सुरू व्हायला तुम्हालाच नको आहे."

अप्पा हसले, पण ते बोलणं त्यांना लागलं. असेलही तसं. ती गेल्यावर हे घर त्यांना खायला उठणार होतं. म्हणून काय तिला बांधून ठेवायचं? आपणच नकळत काहीतरी अर्धवट सोडत असू, या विचाराने त्यांना स्वतःची लाज वाटली.

शनिवारी त्यांनी सगळं पहिल्यापासून करायला घेतलं. थिनरच्या फडक्याने एकूण एक रेघ पुसून काढली आणि बॉनेटखालचा एकेक नट पाना लावून आवळला. प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलवरचा नट चांगलाच ढिला निघाला. पुसण्याआधी रेघ मात्र शाबूत होती की त्याच्यावर. डोळेही गेले आता आपले, अप्पा पुटपुटले. खांदे भरून आले होते, अंगात त्राण नव्हतं. नव्या रेघा तिला पोचवून आल्यावर ओढू, असं म्हणून त्यांनी बॉनेट लावलं.

रविवारी सकाळी किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. आवाजात कुठे खोट नाही. अप्पांना आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. त्यांनी इंजिन बंद केलं आणि आत जाऊन सुनेला सांगितलं, "आवर. मी आंघोळ करून आलोच."

"झाली?"

"झाली."

 ती कपाट उघडून बॅग भरायला लागली.

धुतलेला शर्ट घालून अप्पा बाहेर आले तेव्हा बॅग मागच्या सीटवर होती आणि सून गाडीजवळ उभी होती. निघतोय म्हणून भावाला फोनही झाला होता. अप्पांनी किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला. इंजिन पेटलं नाही.

"काय झालं?" तिने विचारलं.

"बघतो."

त्यांनी उतरून बॉनेट उघडलं. सगळे नट कालच्यासारखेच, पुसून लख्ख केलेले. फक्त कॉइलवरच्या नटावर एक लाल रेघ होती, बारीक आणि सरळ. अप्पांनी तिच्यावर अंगठा ठेवला. अंगठ्याला रंग लागला.

त्यांनी नट फिरवून पाहिला, तो नुसत्या बोटांनी फिरला. मग त्यांनी अंगठा धुतलेल्या शर्टालाच पुसला आणि बॉनेट लावलं.

"बॅग आत ने, बाळ," ते म्हणाले. "हिचं काही खरं नाही. अजून बरेच रविवार जातील."